चुलीवरची चार बोटं

या वर्षी थंडी चांगली पडली. लोक खूश आहेत. हरभरा चांगला येईल म्हणतात, गहू भरेल म्हणतात. भरू द्या. मला त्या थंडीचा रागच आला होता. पोळा झाला आणि आमची घरची गेली. ताप आला, अंगात राहिला, दवाखान्यात नेली, आणली ती आडवीच आणली. दिवाळी सरली तसा हिवाळा आपल्या वेळेवर दारात येऊन उभा राहिला. एखादं वर्ष उशिरा आला असता तर काय बिघडलं असतं?

आमचं गाव मेडशीच्या वरच्या अंगाला, डोंगरावर. बाजाराचं गाव आहे, पण लहान. सकाळी घाटात धुकं इतकं भरतं की एसटीचा आवाज आधी येतो आणि गाडी मागून दिसते. खालच्या गावांपेक्षा थंडी आमच्याकडे लवकर येते आणि उशिरा जाते. आणि खरं सांगायचं तर इथं सुख म्हणून जे काही आहे ते या थंडीतच आहे. उन्हाळ्यात पाणी नाही, पावसाळ्यात चिखल. हिवाळ्यात मात्र तुरीच्या शेंगा भरतात, वांगी गोड होतात, हरभऱ्याचा पाला खुडायला येतो, बोरं पिकतात. पाठीवर ऊन घेऊन भिंतीला टेकून बसलं की म्हाताऱ्या माणसाला कोणी काम सांगत नाही. चौकात शेकोटी पेटते. तिथं येणाऱ्यानं आपलं लाकूड आपण आणायचं, रिकाम्या हातानं आला तर त्याला धुराच्या बाजूला बसवतात.

पण माझं सुख चौकात नव्हतं. माझं सुख घरामागं होतं, टिनाच्या छपरीखाली, मातीच्या चुलीपुढं.

सकाळी उठलो की मी तिथं पोतं टाकून बसायचो. तिनं तुराट्या पेटवलेल्या असायच्या. मोठ्या तोंडावर माझ्या आंघोळीचं पाणी. चुलीच्या अंगालाच एक लहान तोंड असतं, त्याला वैल म्हणतात, त्यावर चहा. पाणी उतरलं की तवा चढायचा. पहिली भाकर माझी. तव्यावरून थेट हातात, तिच्यावर मिरचीचा ठेचा आणि तेलाची धार. ताट नाही, पाट नाही. दिवसभर मग काय मिळालं नाही तरी चालायचं. त्या पाण्याला धुराचा वास असायचा. अंगावर घेतलं की दुपारपर्यंत वास जायचा नाही. गॅसच्या पाण्यानं अंग निघतं, पण आंघोळ केल्यासारखं वाटत नाही.

मी चुलीला खेटून बसायचो, ती चिडायची.

"सरका ना तिकडं. आग सारी तुमीच अडवून बसले, पान्याले काय लागनार?"

"मी कुठं अडवली?"

"मंग काय इथं पूजेले बसले?"

रोजचं होतं. मी सरकायचो बोटभर. ती फुकणीनं माझ्या गुडघ्यावर मारायची, मग अजून बोटभर.

ती गेल्यावर पाहुणे होते तोवर चुलीकडे कोणी पाहिलं नाही. सगळं गॅसवरच होत होतं. तेरवी झाली, पाहुणे गेले, शेलूबाजारची लेकही जीपमध्ये बसून सासरी गेली. तेव्हा मी मागं जाऊन बसलो. छपरी गळते, पावसानं चूल अर्धी ओली, एका बाजूचे पोपडे सुटलेले. उजव्या अंगाला मात्र माती धड होती. आणि तिथं मला चार रेघा दिसल्या. ओल्या हातानं शेवटी लिंपलं असेल, बोटं ओढली असतील, तशाच वाळल्या. चार बोटं. अंगठा नाही.

मी माझी बोटं त्यात घालून पाहिली. बसली नाहीत. माझी जाड आहेत.

तिचा फोटो आमच्याकडे एकच आहे, लेकीच्या लग्नातला. त्यात ती कोणाच्या तरी मागं उभी आहे, अर्धं तोंड दिसतं. लुगडी ज्याला त्याला देऊन टाकली, तशी रीतच आहे. म्हणजे तिचं म्हणून घरात राहिलं ते एवढंच. चुलीवरच्या चार रेघा. हे मी कोणाला बोललो नाही. काय बोलणार?

दिवाळीनंतर मुलगा म्हणाला, "बाबा, मिस्त्री सांगून ठेवला म्या. संक्रांत झाली की पायवा खोदतो."

"कायचा?"

"बाथरूमचा. मांगं. चुलीच्या जागी."

"दुसरी जागा नाही का?"

"पानी जायले उतार तिथंच हाय. तुमीच तर सांगतलं होतं मांगच्या साली."

सांगितलं होतं. तेव्हा ती होती. तिलाही बाथरूम पाहिजे होतं. तीन टिनाच्या पत्र्यांमागं, पुढं जुनं लुगडं टांगून बायका आंघोळ करतात आमच्याकडे. डोंगरावरचा वारा त्या लुगड्याला एका जागी राहू देत नाही. सून पहाटे अंधारात उठून आंघोळ उरकते, कुडकुडत घरात येते. तिचं म्हणणं खोटं आहे असं मी म्हणणार नाही. मी म्हातारा आहे, आंधळा नाही.

"चूल?" मी म्हटलं.

"चूल काय बाबा. अर्धी तर पान्यानं गेली. वापरात असती तं गोष्ट वेगळी."

ते शेवटचं मी पकडून ठेवलं. वापरातली चूल आमच्याकडे कोणी फोडत नाही. थंड चूल फोडतात. म्हटलं, आपण ती वापरात आणू. रोज पेटली, रोज पाणी तापलं, रोज भाकर झाली, की पाहू कोण सब्बल-पहार घालतो. मग पायवा दोन हात तिकडं सरकेल. उतार काय, नाली खोदली की होतो.

आता मी जन्मभर वावरात राबलेला माणूस. माती म्हटली की मला एकच माती माहीत. माझ्या वावरातली काळी. तिच्यासारखी माती आसपास कोणाकडे नाही, हे मी कोणालाही तोंडावर सांगतो. बांधाजवळून, हरभरा जिथं कंबरेला लागतो तिथून, टोपलं भरून आणलं. शेण घातलं, बारीक कुटार म्हणजे भुसा घातला, तुडवली. काय सांगू, लोण्यासारखी आली. हाताला सोडत नव्हती. चूल सगळीकडून लिंपायला घेतली. फक्त त्या चार रेघांना हात लावला नाही. त्यांच्या भोवती भोवती लिंपलं, मधे तेवढा जुना तुकडा उघडा ठेवला.

भिंतीपलीकडं वहिनी राहतात. त्यांचा नवरा मला मोठा भाऊ लागे, तोही गेला. आमच्या घरचीची आणि त्यांची चाळीस वर्षं भिंतीवरून बोलणी चालायची. त्यांनी डोकं वर काढलं.

"काय भाऊजी, पोळ्याचे बैल करून राह्यले का?"

"चूल लिंपून राह्यलो."

"अव्वा! मिशीवाल्या बायका आल्या का आता गावात?"

"तुमी तुमचं काम करा वहिनी."

"माती कोठची व?"

"वावरातली. आपली. पाहा ना कशी हाय."

त्यांनी मान लांब करून पाहिलं. तोंडाला पदर लावला. "कायी हाय का?"

"काळीच असन. हिरवी असते का?"

"लिंपा, लिंपा. पेटवसान तवा मले आवाज द्या. मी येतो पाह्यले."

बायका हसतात, हसू द्या, म्हणून मी लक्ष दिलं नाही. हिवाळ्याचं ऊन कोरडं असतं. चूल दोन दिवसांत वाळली. बारीक बारीक चिरा आल्या, त्या मी बोटानं भरल्या. पुन्हा आल्या, पुन्हा भरल्या. दिसायला अशी झाली, काळीभोर, गुळगुळीत, की मीच येता जाता पाहत होतो.

पेटवायच्या दिवशी मी तुरीच्या शेंगा तोडून आणल्या. मोठ्या भगुण्यात पाणी, मीठ आणि शेंगा. उकडलेल्या शेंगा आमच्याकडे थंडीत संध्याकाळी पूर्ण घर मिळून खातं. दातानं सोलायच्या, दाणे खायचे, सालीचा ढीग मधे. मुलाला मुद्दाम बोलावलं, सुनेला बोलावलं. "बसा म्हटलं. आज चुलीवरच्या खा." मुलगा समजला असेल मी काय करतो ते. बसला.

जाळ लागला. सुरुवातीला ठीक होतं. शेंगांचा वास सुटला, तो वास कोणी विसरू शकत नाही. मग चुलीतून आवाज यायला लागला, कोणी काडी मोडावी तसा. एक चीर पडली. तिच्यातून दुसरी. माझ्या डोळ्यांपुढं काळ्या मातीचं माझं वावर उन्हाळ्यात उलतं तशी चूल उलली. उन्हाळ्यात त्या मातीला वासराचा पाय अडकेल अशा भेगा पडतात, हे मी जन्मभर पाहिलं. चुलीला रोजच उन्हाळा असतो, एवढं डोक्यात आलं नाही. डावी बाजू सुटली, भगुणं कलंडलं, पाणी जाळावर, धूर सगळ्यांच्या डोळ्यांत, शेंगा राखेत.

मुलगा हसला असता तर बरं झालं असतं. तो नुसता उठला आणि भगुणं उचलून बाजूला ठेवलं. सुनेनं राखेतून एक शेंग घेतली, पदराला पुसली, सोलून दाणे तोंडात टाकले.

"शिजल्या बरं का मामाजी," ती म्हणाली.

उजव्या अंगाला नवी माती सुटताना जुनीलाही ओढून गेली होती. चार रेघांचा तुकडा आता तीन बाजूंनी मोकळा, एका बाजूनं चुलीला धरून.

मी आवाज दिला नाही, तरी वहिनी आल्या. आल्या आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"पेटली का?"

"पाहून राह्यले ना. कायले विचारता?"

"कायी माती चुलीले चालते का कुठी? पांढरी लागते, पांढरी. गावठानातली."

"तवाच सांगाव लागत होतं."

"तुमी आयकलं असतं? आपली माती, आपली माती. त्या मातीत गहू पिकते भाऊजी, चूल नाई पिकत."

मी म्हटलं, "मग तिची कशी टिकली इतकी वर्षं? लग्न झालं तेव्हाची चूल आहे ही." हे मी सगळ्या गावाला सांगत आलो होतो. आमच्या लग्नातली चूल.

वहिनी माझ्याकडे पाहत राहिल्या. या वेळी हसल्या नाहीत.

"लग्नातली? अन् तुमाले कोनं सांगतलं?"

"कोणी कशाला सांगाव?"

"भाऊजी, तुमची घरची तं दरसाल चूल फोडे. दिवाळीच्या आंगं तुमी सोयाबीनच्या मांगं असा, अन् ते इथं चूल फोडून भिजू घाले. जुनीच माती, त्यात टोपलंभर पांढरी नवी, कुटार, अन् पुन्हा घाले. मीच तं इकडून पाहो. कधी तोंड इकडं करे, कधी तिकडं. तुमाले दिसलं नाई का कधी?"

नाही दिसलं. माझ्यापुढं सकाळी चूल असायची आणि तिच्यावर भाकर असायची.

म्हणजे त्या चार रेघा गेल्या दिवाळीच्याच होत्या. त्याआधीच्या कितीतरी तिनं स्वतःच भिजवून टाकल्या होत्या.

"मग पांढरी आणतो," मी म्हटलं.

"कोठून? पांढरीवर तं आता मोबाईलचा टावर उभा हाय. बाकीची रस्त्याच्या भरावात गेली. आता जे हाय ते या चुलीतच हाय. फोडा, भिजवा अन् घाला. दुसरी गोष्ट नाई."

"मी फोडणार नाही."

"नका फोडू. मिस्त्री फोडन."

त्यानंतर मी चुलीकडे गेलोच नाही. चौकात शेकोटीवर जाऊन बसायला लागलो. तिथं लोक हरभऱ्याचे घाटे भाजत, कोणी बोरं आणी. मला देत. मी खायचो. तोंडात काय आहे ते कळायचं नाही. एक जण म्हणाला, "बुढा आता घरी टिकत नाई गा." मी जाळावर अजून एक लाकूड टाकलं. वर्ष व्हायचं होतं, त्यामुळं घरात संक्रांत नव्हती. तिळाचा वास शेजारून यायचा. सून दुसऱ्यांच्या घरच्या वाणालाही गेली नाही.

मग एक दिवस मिस्त्री येऊन फक्कीनं रेघा मारून गेला. पांढरी रेघ बरोबर चुलीवरून गेली. त्याचा माणूस सब्बल ठेवून गेला, भिंतीला टेकवून. आणि मला दिसलं पुढं काय होणार ते. तो दोन घाव घालणार, चूल घमेल्यात भरणार आणि पायव्याच्या भरणात ओतणार. तिच्या हातची माती बाथरूमखाली, दगडगोट्यांत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन अंगणात आल्यावर मीच फोडली. सब्बल घेतली नाही. खुरप्यानं सोडवत गेलो. आधी माझी काळी माती काढून फेकली. आतली माती वेगळीच होती, राखेच्या रंगाची, हलकी, तिच्यात खापऱ्यांचे बारीक तुकडे. थरावर थर, मधे धुराची काळी रेघ, पुन्हा थर. मी हात थांबवून थांबवून पाहत होतो. चार रेघांचा तुकडा सगळ्यांत शेवटी सोडवला. भाकरीएवढा निघाला, अखंड. तो घरात नेऊन कोनाड्यात ठेवला. बाकीचं काठाला फुटलेल्या जुन्या टाकीत भिजत घातलं.

सुनेनं माती तुडवली. मी म्हटलं नव्हतं. लुगडं खोचून ती टाकीत उतरली आणि म्हणाली, "थंडगार हाय व माय!" वहिनी भिंतीवर बसून हुकूम सोडत होत्या. कुटार अजून घाला. पाणी पुरे. आज नका घालू, मुरू द्या. जागा मी निवडली, कडुलिंबाखाली, जिथं सकाळचं ऊन आधी पडतं. मुलानं एकदा येऊन पाहिलं. "इथं चालते," एवढंच बोलून गेला.

दुसऱ्या दिवशी घालायला बसलो. मागची बाजू झाली. डावी झाली. वैल झालं, थोडं वाकडं. उजव्या बाजूला आलो आणि माती सरली.

टाकी खरवडली. ओंजळभर निघाली, तीही लावली. तरी उजवी बाजू अर्धीच. भाकरीएवढी जागा उघडी.

मी वहिनींकडं पाहिलं. "थोडी काळी लावून पाहू का?"

"हौस फिटली नाई वाट्टे अजून."

सून म्हणाली, "राहू द्या मामाजी. तिथं वीट बसवू. आत्याबाईचा तो तुकडा राहू द्या." सासूला ती आत्याबाई म्हणे. म्हणजे तिनं कोनाडा पाहिला होता. रेघाही पाहिल्या असतील.

वीट बसली असती. बाथरूमसाठी आणलेल्या विटांचा ढीग तिथंच होता. मी एक उचलून लावूनही पाहिली. लाल वीट, तिच्या मातीत. ओल्या मातीनं ती धरली नाही, बाहेर सरकली. पुन्हा दाबली, पुन्हा सरकली. दाबून धरायला हात दुसरा पाहिजे होता, पण मी कोणाला बोलावलं नाही. वीट परत ढिगावर ठेवली.

मग उठलो, घरात गेलो आणि तुकडा घेऊन आलो. वहिनी पलीकडं उतरल्या, त्यांना एकदम काहीतरी काम आठवलं.

पाण्यात टाकला तेव्हा त्यातून बुडबुडे आले. मला वाटलं तो हळूहळू विरघळेल, पाहायला मिळेल. पण रेघा आधी गेल्या. तुकडा मग बराच वेळ तसाच होता, कोराच. नंतर कडा सुटल्या, मधे मोडला, आणि पाण्यात नुसती माती राहिली. मी ती गोळा केली, पिळली, मळली आणि उजव्या बाजूला लावली. पुरली. जितकी जागा होती तितकीच पुरली.

शेवटी ओला हात फिरवला तर माझ्या बोटांच्या रेघा उमटल्या, जाड आणि वाकड्या. मला त्या नको होत्या. पालथ्या हातानं पुसून टाकल्या.

चूल वाळली, पेटवली. उलली नाही. पण धूर सगळा माझ्याच तोंडावर. वहिनींचं डोकं भिंतीवर आलंच.

"तोंड वाऱ्याकडं ठेवलं तुमी. डोये फुटतीन अशानं."

"आता काय करू?"

"आता काय करता? यंदा धूर खा. दिवाळीले फोडा अन् फिरवून घाला."

तिकडं मिस्त्री पायवा खोदत होता. मी पोतं टाकून चुलीला खेटून बसलो. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते धुरानं येत होतं, कोणी विचारलं असतं तर मी तसंच सांगितलं असतं. कोणी विचारलं नाही. सून पाण्याचं भगुणं चढवून आत गेली. सरका म्हणायला कोणी नव्हतं, म्हणून आग अडवून तसाच बसून राहिलो. पाणी तापायला फार वेळ लागला.